एक जूनचे काका

जुन्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस एक जूनला येतो, हे परदेशी माणसाला सांगून पटत नाही. एकदा माझ्या प्रोफेसरांना सांगितलं, तर ते मनातल्या मनात नऊ महिने मागे गेले आणि गंभीरपणे म्हणाले, "मग सप्टेंबरमध्ये तुमच्याकडे कुठला सण असतो?"

आता यांना कसं समजावायचं, की हा एक जून आई-बापांचा नव्हे, हेडमास्तरांचा. शाळा जूनमध्ये उघडायची. आई पोराचा हात धरून टेबलापुढे उभी राहायची. जन्मतारीख विचारली की "मोठा पूर आला त्याच्या आदल्या साली, दिवाळीनंतर" असं उत्तर यायचं, आणि मागे अजून तशीच पोरं खोळंबलेली असायची. मग मास्तर पोराच्या अंगापिंडाकडे बघून साल ठरवायचे आणि तारखेच्या जागी एक जून ठोकून मोकळे व्हायचे.

काका असे एक जूनचे. ते माझे सख्खे कुणी नव्हेत. दोन हजार एक साली मी अर्थशास्त्रात पीएच.डी. करायला न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेला आले. दोन मुलींबरोबर अपार्टमेंट घेतलं, त्याच्या खालच्या मजल्यावर काका-काकू राहायचे. पहिल्याच आठवड्यात जिन्यात फोडणीचा वास आला, मी वासामागे गेले, आणि पुढची सात वर्षं त्या घरात जेवत राहिले. परक्या देशात नाती अशीच जुळतात, त्यात फार काव्य शोधू नये.

काकांचा खरा जन्म कार्तिकातला, त्रिपुरी पौर्णिमेनंतरच्या पंचमीचा. शाळेत जायच्या वयात त्यांना विषमज्वर झाला, मग वडील गेले, मग आईबरोबर आजोळी राहिले. असं करत करत शाळेत नेलं तेव्हा त्यांना दहावं वर्ष चालू होतं. तापातून उठलेलं वाळकं पोर बघून मास्तर म्हणाले, "सहाचा दिसतो." आणि सहाच लिहिलं. साडेतीन वर्षं एका फटक्यात पुसली गेली. पुढे पाटबंधारे खात्यात नोकरीला लागल्यावर काकांना यातली गंमत कळली. कागदावर लहान, म्हणजे रिटायरमेंट तेवढी लांब.

"सरकारची साडेतीन वर्षं ढापली मी," ते सांगायचे. "आणि तीही हेडमास्तरांच्या हातून. माझ्यावर केस होऊ शकत नाही."

पण ढापलेली वर्षं त्यांना वापरता आलीच नाहीत. बहिणीनं अमेरिकेतून लावलेला ग्रीन कार्डाचा नंबर कित्येक वर्षांनी एकदम लागला. मुलगा एकवीसचा व्हायच्या आत यायला हवं होतं, नाहीतर तो मागे राहिला असता. काकांनी मुदतीआधीच सेवानिवृत्ती घेतली आणि कागदावरच्या बावन्नाव्या, म्हणजे खऱ्या पंचावन्नाव्या वर्षी न्यू जर्सीत उतरले. औषधाच्या बाटल्या भरणाऱ्या एका कारखान्यात पॅकिंगच्या लाइनवर लागले. दिवसभर उभं राहायचं, सरकत्या पट्ट्यावरून येणाऱ्या बाटल्या बघायच्या, झाकण तिरकं असेल ती उचलून बाजूला ठेवायची. संध्याकाळी घरी आले की डोक्यावरच्या जाळीच्या टोपीचा वळ कपाळावर उठलेला असायचा. काकू तो रोज बघायच्या आणि रोज म्हणायच्या, "एवढी घट्ट कशाला घालता हो ती टोपी?"

माझा विषय होता युरोपचं म्हातारपण. म्हणजे तिथली माणसं लवकर निवृत्त होतात, मुलं कमी जन्मतात, मग पेन्शन कुणी भरायची, माणसांना जास्त वर्षं कामाला कसं लावायचं, वगैरे. हा विषय मी निवडला नव्हता. माझी फी ज्या प्रोजेक्टमधून निघत होती त्याचा हा विषय होता. कुठल्या देशात कितव्या वर्षी निवृत्ती, बायकांना किती आधी, खाणकामगारांना किती, हे मला तोंडपाठ होतं. काका जिन्यात भेटले की विचारायचे, "काय अर्थशास्त्री, म्हातारा झाला का युरोप?"

"होतोय काका, होतोय."

"घाई करू नका म्हणावं. आधी आमचा नंबर आहे."

माझे प्रोफेसर स्वतः युरोपातले. सत्तरी उलटलेली. त्यांच्या देशात पासष्टीला प्राध्यापकाला सक्तीनं घरी बसवतात, म्हणून ते अमेरिकेत आले. इथे विद्यापीठात वयावरून काढता येत नाही. ते सायकलवरून यायचे, दुपारी सफरचंद खायचे आणि ठामपणे म्हणायचे, की निवृत्ती ही ज्यांना आपलं काम आवडत नाही त्यांच्यासाठी काढलेली पळवाट आहे. मला ते आवडायचे. खोटं कशाला बोलू, माणूस हुशार होता आणि माझ्याशी चांगला वागायचा. पण बाटल्यांची झाकणं बघायचं काम कुणाला आवडावं आणि का आवडावं, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात कधी येत नसे.

काकांचं सगळं आयुष्य तेव्हा एका गोष्टीवर लागलेलं होतं. अमेरिकेत पगारातून सोशल सिक्युरिटीचे पैसे कापतात. दहा वर्षं कापून दिले की म्हातारपणी पेन्शनचा हक्क मिळतो, आणि पासष्टीला मेडिकेअरचं, म्हणजे सरकारी आरोग्यविम्याचं, कार्ड मिळतं. ते कार्ड असलं तर दवाखान्यात जाता येतं. नसलं तर, आणि नोकरीचा विमाही नसला, तर या देशात आजारी पडायची सोय नाही. म्हणून दहा वर्षं उभं राहायचं, आणि मग बसायचं. कारखान्यातले, देवळातले, लायब्ररीच्या बाकावरचे सगळे आपल्याकडचे म्हातारे याच हिशेबात असायचे. कुणाची दहा भरली, कुणाची राहिली, हे त्यांना एकमेकांच्या नातवंडांच्या नावांपेक्षा जास्त ठाऊक असायचं.

मुलगा एव्हाना शिकून सॉफ्टवेअरमध्ये गेला होता. नोकरीनं त्याला पार दुसऱ्या टोकाला नेलं, सिॲटलजवळ बॉथेलला. तिथे घर घेतलं, दोन मुलं झाली. तो म्हणायचा, या इकडे. काका म्हणायचे, "दहा होऊ देत. मध्येच सोडलं तर या वयात नवीन नोकरी कोण देणार?" त्यात चूक काही नव्हती.

दोन हजार चारच्या जूनमध्ये दहा भरली. त्याच महिन्यात पेन्शनही सुरू झाली, कारण बासष्ट झाले की थोडी कमी पेन्शन घेता येते आणि कागदावर काकांना बासष्ट लागली होती. घरी काकूंनी सुरळीच्या वड्या केल्या, श्रीखंड केलं, देवळातली चार कुटुंबं बोलावली. काका नवा झब्बा घालून सोफ्यावर बसले होते. बसले होते, हेच बघायला मजा येत होती.

"कार्तिकातच पासष्ट पूर्ण झाली," ते सगळ्यांना सांगत होते. "पेन्शन सुरू. नोकरीचा राजीनामा दिला. आता कार्ड आलं की गुडघा दाखवायचा, डोळे दाखवायचे, आणि सप्टेंबरात नातवंडांकडे."

कुणाला त्यात काही खटकलं नाही. मीही श्रीखंड खात होते. पासष्टीला कार्ड मिळतं हे सगळ्यांना माहीत होतं, आणि काकांना पासष्ट झाली हेही सगळ्यांना माहीत होतं. त्यांची साठीशांत आम्हा सगळ्यांच्या ऐकण्यातली होती, तिथीवरून, इथल्याच देवळात केलेली. बाहेरच्या माणसाला ही चूक कळायचीच नाही. तो म्हणेल, स्वतःची जन्मतारीख माणूस विसरतो कसा? पण काका विसरले नव्हते. त्यांच्याकडे दोन वयं होती. एक देवाचं आणि एक कचेरीचं. जन्मभर दोन्ही जवळ बाळगली, पण त्यांची गाठ पडायची वेळ कधी आली नव्हती. नोकरीत असताना कचेरीचं वय बोलायचं, घरी आलं की देवाचं. आणि त्या दिवशी, दहा वर्षांची नोकरी संपवून घरी आलेला माणूस घरातलंच वय बोलला.

उन्हाळा गेला, कार्ड आलं नाही. काका रोज टपालपेटीशी जायचे. ऑक्टोबरात मला म्हणाले, "तुझा विषयच आहे, तू चल." मी बरोबर गेले.

सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसात खिडकीमागची बाई स्वतःच साठीची असावी. आवाज मऊ, बोलणं सावकाश. तिनं कॉम्प्युटरवर बघितलं आणि म्हणाली, "सर, तुमचं सगळं व्यवस्थित आहे. मेडिकेअर पासष्टीला सुरू होईल. अजून पावणेतीन वर्षं आहेत."

काका हसले. "मॅडम, आय ॲम सिक्स्टी-फाइव्ह. दॅट डेट इज ओन्ली ऑन पेपर."

मी खिडकीखाली त्यांच्या पायावर पाय दिला. जोरात दिला. बाईनं आमच्या दोघांकडे बघितलं. बहुधा तिनं असली माणसं आधीही पाहिली असावीत. इंग्रजीत म्हणाली, "कागदाशिवाय दुसरीकडे कुठे असते तारीख, सर?" त्यात टोमणा नव्हता, हेच वाईट होतं.

पार्किंगमध्ये काका गाडीशी उभे राहिले. दार उघडेनात. मग एकदम उजळून म्हणाले, "अगं, कुंडली आहे ना! जोशीबुवांनी मांडलेली, तिथी-वार-घटकेसकट. ती मागवून घेऊ."

संध्याकाळी त्यांनी मुलाला फोनवर सांगितलं. स्पीकरवर मी ऐकत होते. मुलगा म्हणाला, "बाबा, आर यू क्रेझी? पासपोर्ट, ग्रीन कार्ड, सिटिझनशिप, सगळं त्या डेटवर आहे. आता चेंज करायला गेलात तर फ्रॉड म्हणतील. कुणाकडे मेन्शनपण करू नका, प्लीज." मग हळू आवाजात म्हणाला, "मी माझ्या इन्शुरन्समध्ये तुम्हाला ॲड करतो. उद्या ऑफिसात विचारतो."

दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलं. बायकोला घालता येत होतं, मुलांना घालता येत होतं. आई-बापाला घालता येत नव्हतं. हे मला माहीत होतं, पण ते मी सांगायच्या आधी त्याला कुणीतरी ऑफिसातलं सांगेल तर बरं, असं मला वाटलं होतं.

कारखान्याचा विमा नोकरी सुटल्यावर काही महिने स्वतःच्या खर्चानं चालू ठेवता येत होता. त्याचा हप्ता ऐकून काकूंनी पदर तोंडाला लावला. पेन्शन अख्खी त्यात गेली असती आणि वर घरभाडं उरलं असतं. मग काका कारखान्यात परत गेले. सुपरवायझर चांगला होता, हस्तांदोलन केलं, पण ती जागा उरली नव्हती. मधल्या काळात कंपनीनं लाइनवरची माणसं एजन्सीकडून घ्यायला सुरुवात केली होती. एजन्सीची व्हॅन पहाटे आमच्या अपार्टमेंटच्या कोपऱ्यावर यायची. काका त्या व्हॅनमध्ये बसून त्याच कारखान्यात, त्याच लाइनवर, त्याच बाटल्यांसमोर जाऊन उभे राहिले. फक्त आता ते कारखान्याचे नव्हते, एजन्सीचे होते. विमा नाही, रजा नाही, व्हॅन भरली असली तर त्या दिवशी काम नाही.

त्या दिवसांत आमच्या सेमिनारमध्ये याच गोष्टीला लवचीकता म्हणत. युरोपात ती कमी आहे आणि अमेरिकेत भरपूर, म्हणून अमेरिकेत म्हातारी माणसं काम करतात आणि युरोपात करत नाहीत, असा एकूण सूर. मी तक्ते करून द्यायचे. सकाळी विद्यापीठाच्या बसची वाट बघताना, त्याच कोपऱ्यावर, जाळीची टोपी खिशात घातलेले काका एजन्सीच्या व्हॅनची वाट बघताना दिसायचे. "काय अर्थशास्त्री," ते म्हणायचे, "युरोपला सांग, इथे जागा आहे म्हणून." मला हसू यायचं नाही. ते मात्र हसायचे.

एकदा न राहवून मी प्रोफेसरांना काकांची सगळी हकीकत सांगितली. त्यांनी सफरचंद खाली ठेवलं. डोळे चमकले. "म्हणजे तुमच्याकडून आलेल्या स्थलांतरितांच्या वयाच्या आकडेवारीत ठरावीक चूक असणार! एकाच तारखेला अख्खी पिढी! यावर एक टिपण लिही. लगेच लिही." काकांचं पुढे काय झालं, हे त्यांनी विचारलं नाही. मला त्यांचा भयंकर राग आला. आणि त्याहून जास्त राग आला तो याचा, की कल्पना खरंच चांगली होती.

टिपण मी लिहिलं नाही.

व्हॅनच्या दुसऱ्या हिवाळ्यात काकूंनी मला कपडे धुवायच्या खोलीत गाठलं. ड्रायर फिरत होते, त्यामुळे बाहेर ऐकू जाणार नव्हतं. म्हणाल्या, "यांना संडासवाटे रक्त जातंय गं. मूळव्याध म्हणतात. सुरण करून घालतेय, ताक देतेय, इसबगोल देतेय. थांबतं आणि पुन्हा येतं."

आपल्याकडे कमरेखालचं जे काही दुखेल ते मूळव्याध. बोलायला सोपं, दाखवायला अवघड. मी जाऊन काकांशी भांडले. चांगली तासभर भांडले.

"कार्ड येऊ दे," ते म्हणाले. "दीड वर्ष राहिलंय. मूळव्याधीनं कुणी मरत नाही."

मी म्हटलं, गरिबांसाठी हॉस्पिटलात धर्मादाय सोय असते, अर्ज करू.

"रांगेत उभं राहायला माझी ना नाही. दिवसभर उभाच असतो. पण त्या पाटीखाली नाही उभा राहणार. एवढी वर्षं पैसे भरलेत मी. हक्काचं कार्ड येणार आहे माझं."

मग गावी जाऊन दाखवून या, असं काकू म्हणाल्या.

"आणि अख्ख्या गावाला काय सांगू? अमेरिकेतून मूळव्याध घेऊन आलोय म्हणून?"

यावर तिघंही हसलो. हसलो, याचं मला अजून वाईट वाटतं. काकांचा विनोद हा त्यांच्या घराचा कडीकोयंडा होता. कुणी आत शिरायला लागलं की ते तो लावून घ्यायचे.

मी मुलाला फोन केला. त्यानं त्याच दिवशी वडिलांना विचारलं. काका त्याला म्हणाले, मूळव्याध आहे, जुनी आहे, आजोबांनाही होती. पैसे पाठवतो, डॉक्टरकडे जा, असं तो म्हणाला. त्यानं पाठवलेही. काकांनी ते नातवंडांच्या नावावर टाकले. मुलाला फार दोष देववत नाही. तीन हजार मैलांवरून बापाचा आवाज जितका ठणठणीत ऐकू येतो, तितका तो शेजारच्या खोलीतून ऐकू येत नाही.

काका त्या काळात बारीक व्हायला लागले. झब्बा खांद्यावरून ओघळायचा. "डाएट करतोय," म्हणायचे. काकूंची शुगरची गोळी गावाहून येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर यायची, तसंच रक्तवाढीचं टॉनिकही येऊ लागलं. व्हॅनमध्ये चढताना ते दाराला धरून क्षणभर थांबायचे. मी बसथांब्यावरून बघायचे, आणि माझी बस यायची.

दोन हजार सातच्या वसंतात कार्ड आलं. त्यात एक गंमत होती. माणूस महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला असेल, तर त्याचं मेडिकेअर एक महिना आधी सुरू होतं, असा नियम आहे. म्हणजे काकांचं एक जूनऐवजी एक मेला. मी हे सांगितलं तेव्हा त्यांना केवढा आनंद झाला! "बघ," म्हणाले, "मास्तरांनी साडेतीन वर्षं नेली, पण महिना परत दिला. माणूस अगदीच वाईट नव्हता." काकूंनी कार्ड देवापुढे ठेवलं, हळदकुंकू वाहिलं. त्याच्या कोपऱ्यावर कुंकवाचा डाग शेवटपर्यंत होता.

मे महिन्यात डॉक्टरनं तपासलं. नळी घालून बघितलं, फोटो काढले. मग आम्हाला बसवून सांगितलं, की आतड्याचा कॅन्सर आहे आणि तो यकृतापर्यंत गेला आहे. तरुण होता डॉक्टर. त्यानं विचारलं, "रक्त केव्हापासून जातंय?" काकांनी खरं सांगितलं. "मग इतके दिवस तुम्ही काय करत होता?" तो म्हणाला. त्याला रागवायचं नव्हतं, त्याला खरंच कळत नव्हतं.

"वेटिंग," काका म्हणाले.

 गाडीतून परतताना, घराजवळच्या सिग्नलला काकू एकदम म्हणाल्या, "साडेतीन वर्षं ढापली, ढापली म्हणून गावभर सांगत होतात. खाल्ली तर नाहीतच. फेडावी मात्र लागली." काकांनी खिडकीबाहेर बघितलं. 

ऑपरेशन झालं, केमो झाली. ते कार्ड सगळीकडे चाललं, कुणी अडवलं नाही, हेही सांगायला हवं. एवढा मोठा खर्च त्या पत्र्यासारख्या पातळ कागदानं निमूट पेलला. थोडा आधी पेलला असता तर, एवढंच. मुलगा बॉथेलहून फेऱ्या मारत होता. हडकलेल्या बापाशेजारी लॅपटॉप उघडून बसायचा आणि मध्येच उठून कॉरिडॉरमध्ये जाऊन रडायचा. एकदा मला म्हणाला, "यार, मी त्या दिवशी फ्रॉड म्हणालो ना त्यांना." मी म्हटलं, तू त्यांना नाही म्हणालास. पण त्याला जे ऐकू आलं होतं ते आलं होतं.

काका शेवटचे हॉस्पिटलात गेले ते दोन हजार आठच्या मेअखेरीस. मी रविवारी भेटायला गेले, तो दिवस एक जूनचा होता. माझ्या लक्षातही नव्हतं. त्यांच्या घरात एक जूनला कधी साधा शिराही होत नसे. ती तारीख फक्त कागदावर लिहायची, घरात आणायची नाही, असाच रिवाज होता. औक्षण कार्तिकात, पंचमीला.

काका डोळे मिटून पडले होते. मला बघून ओठ हलले. मी कान जवळ नेला.

"म्हातारा झाला का गं युरोप?"

"नाही काका," मी म्हटलं. "अजून नाही."

तेवढ्यात दार उघडलं आणि तीन नर्स आत आल्या. एकीच्या हातात फुगा, एकीच्या हातात छोटा केक, त्यावर न पेटवलेली मेणबत्ती, कारण ऑक्सिजन चालू होता. त्यांच्या तक्त्यावर तारीख होती. त्यांनी बर्थडेचं गाणं म्हटलं. मनापासून म्हटलं. काकू भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मुलगा खाली कॉफी आणायला गेला होता. काका त्या तिघींकडे बघत होते, लहान मुलासारखे. त्यांच्या अख्ख्या आयुष्यात एक जूनला कुणी गाणं म्हटलं असेल तर ते हे.

"सो, मिस्टर," थोरली नर्स वाकून म्हणाली, "हाउ डझ इट फील टु बी सिक्स्टी-सिक्स?"

काकांनी नाकावरची नळी हातानं जरा बाजूला केली. आवाज बारीक होता, पण शब्द स्वच्छ आले.

"सिक्स्टी-नाइन," ते म्हणाले.

नर्सनं त्यांच्या मनगटावरची पट्टी वाचली. मग त्यांच्या हातावर थोपटलं. "नो, नो, हनी. सिक्स्टी-सिक्स. यू आर स्टिल यंग."

"सिक्स्टी-नाइन," काका पुन्हा म्हणाले. "आय ॲम टेलिंग यू."

तिनं नळी नीट बसवली, चादर सारखी केली, आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, की औषधांमुळे असं होतं, काळाचं भान जातं, घाबरू नका. मग तिनं पायथ्याशी अडकवलेल्या तक्त्यावर लिहिलं. मी मागेच उभी होते, मला ते वाचता आलं. रुग्ण गोंधळलेला, स्वतःचं वय सांगता येत नाही.

त्या गेल्या. फुगा छताला जाऊन टेकला. काकूंना इंग्रजी बेताचंच यायचं. त्या पलंगाशी आल्या, काकांच्या ओठावरचं पाणी पदरानं टिपलं, आणि मला विचारलं, "यांनी खरं वय सांगितलं ना आत्ता?"

"हो काकू."

"आणि तिनं ते लिहून घेतलं?"

काकांनी डोळे मिटले होते, पण त्यांचं लक्ष आमच्याकडे होतं.

"हो," मी म्हणाले. "लिहिलं."

"बरं झालं बाई," काकू म्हणाल्या, आणि खुर्ची ओढून त्यांच्या उशाशी बसल्या. "एकदाचं कागदावर लागलं कुठेतरी."